खात नाही, चाखते

"मी सुपारी खात नाही" हे वाक्य माझ्या थोरल्या जावेइतक्या वेळा अख्ख्या पिंगतुंग जिल्ह्यात कुणी म्हटलं नसेल. तिचं नाव पो-चू. आणि म्हणायची कधी, तर समोर कोवळ्या हिरव्या सुपाऱ्यांची टोपली, मांडीवर विड्याच्या पानांचा गठ्ठा आणि हातात चुन्याची काडी असताना. एखादा नवा ट्रकवाला गंमत म्हणून विचारायचा, "मावशी, तुम्ही स्वतः दिवसाला किती खाता?" हिचं उत्तर ठरलेलं. "मी नाही बाबा खात. दारूवालाच पीत बसला तर तुला काय पाजणार?"

छाओचोउहून दक्षिणेला जाणाऱ्या रस्त्यावर तिची काचेची टपरी होती. मोठ्या हमरस्त्यावरच्या टपऱ्यांत तरण्या पोरी तोकडे कपडे घालून उंच स्टुलावर बसतात, तसलं आमच्याकडे काही नव्हतं. पो-चू फुलाफुलांची सैल विजार घालून, केसांना काळा चिमटा लावून बसायची आणि गिऱ्हाइकाला वर शिव्या द्यायची. "गाडी जरा बाजूला घे की! रस्ता काय तुझ्या बापाने घातलाय?" तरी गाड्यांची रांग लागायची. गिऱ्हाईक तिच्यासाठी येत नव्हतं, तिच्या चुन्यासाठी येत होतं.

चुन्याचं आमच्याकडे असं आहे की सुपारी सगळ्यांची सारखीच, पानही सारखंच. फरक पडतो तो चुन्यात. कुणाचा चुना जहाल, गिऱ्हाइकाचं तोंड सोलून काढतो. कुणाचा मिळमिळीत, कानशिलं गरमच होत नाहीत. पो-चूच्या चुन्यात कात होता, ज्येष्ठमध होतं, आणखी काय काय होतं ते सासूबाईंनी मरायच्या आधी तिच्या एकटीच्या कानात सांगितलं. मला नाही सांगितलं. मी धाकटी ना! मला आपली जामच्या बागेतली खुरपणी. त्याचा मला राग होता, खोटं कशाला बोलू?

हा चुना ती रोज कालवायची, दुपारी संपला की पुन्हा कालवायची, आणि दर वेळी चाखायची. नुसतं बोटाने चाटून चुना कळत नाही, सुपारीबरोबर चावावा लागतो. एक सुपारी फोडायची, चुना लावायचा, गालात धरून चावायची, डोळे बारीक करून बघायचं, आणि लाल पिंक डब्यात टाकायची. जहाल वाटला तर थोडा कात, परत एक सुपारी. कुणी गिऱ्हाईक कुरकुरलं की त्याच्या देखत आणखी एक. शेजारच्या गावच्या दोन टपरीवाल्या तिच्याकडूनच चुना न्यायच्या, त्यांच्या घाण्याला आणखी दोन. मग चूळ भरायची आणि पुढच्या गाडीवाल्याला सांगायची, मी खात नाही. स्वयंपाकीण भाजीचं मीठ बघते म्हणून कुणी तिला जेवली म्हणतं का? आम्हीही म्हटलं नाही.

खाणारे होते ते माझे थोरले दीर, किम-हॉक. नदीतली वाळू-गिट्टी वाहणारा ट्रक चालवायचे. तोंड कधी रिकामं नाही. सकाळी घरून पिशवी भरून घेऊन निघायचे आणि संध्याकाळी लाल दात दाखवत परत यायचे. त्यांच्या गालाच्या आत फोड आला तेव्हा पो-चूनेच तोंड उघडून बघितलं, आणि दुसऱ्याच दिवशी मानगूट धरून काओश्युंगच्या मोठ्या इस्पितळात नेलं. कॅन्सर निघाला.

गाल आतून कापला, जिभेचा एक तुकडा काढला, मांडीचं मांस घेऊन गालाला ठिगळ लावलं. त्यानंतर विजेचे शेक. तिथल्या डॉक्टरीणबाई, डॉक्टर फांग, वयाने माझ्या पुतणीएवढ्या, पण बोलायला सरळ. त्यांनी सांगितलं, "असे शंभर पेशंट घेतले, तर पाच वर्षांनी साधारण पन्नास जिवंत असतात. आजार परत यायचा असला तर बहुतेक पहिल्या दोन वर्षांत येतो. पाच वर्षं निघाली की मी निश्चिंत."

पो-चू म्हणाली, "ते पन्नास कुठले?"

"म्हणजे?"

"हा डावीकडच्या पन्नासांतला की उजवीकडच्या? तेवढं सांगा, बाकीचं मला नको."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, ते मला माहीत असतं तर मी देवळात भविष्य सांगत बसले असते."

तेव्हापासून आमच्या घरात एकच विषय. किम-हॉकची पाच वर्षं. पो-चूने आमच्या वैद्यदेवाला नवस बोलला, पाच वर्षं पार पडू देत, तुझ्या अंगणात बाहुल्यांचा खेळ लावीन.

शेकाचे ते आठवडे मी पाहिलेत. चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा करतात, तो घालून माणसाला टेबलावर जखडतात आणि यंत्र फिरतं. त्या वेळी काहीच दुखत नाही. दुखतं ते पुढे. तोंडाची आतली कातडी पांढरी होऊन सोलून निघत होती. थुंकी आटली. तोंडचं पाणी पळालं असं आपण उगाच म्हणतो, ते खरोखर कसं असतं ते मी भाऊजींच्या घरात बघितलं. गोड, खारट, आंबट, सगळ्याची चव माती. मानेची कातडी काळी पडली. पो-चू मिठाच्या पाण्याचं भांडं धरून बसायची आणि बोटाला फडकं गुंडाळून त्यांच्या तोंडातली सालं काढायची. भाऊजी तिच्या हाताला चावायचे. चावून रडायचे. "मरू दे मला," हे एवढंच तेव्हा त्यांचं स्पष्ट ऐकू यायचं.

मेले नाहीत. पण जे उरले ते पूर्वीचे किम-हॉक नव्हते. जबडा आखडला, तोंडात एक बोट जाईल एवढीच फट. बोलणं म्हणजे तोंडात गरम रताळं धरून कुणी बोलावं तसं. त्यांची सख्खी मुलगी पेई-शान, काओश्युंगला कारखान्यात होती, तिलाही बापाचं बोलणं कळायचं नाही. फोनवर तर नाहीच. कळायचं ते एका पो-चूला. ती पान लावता लावता मान वर न करता सांगायची, "पंखा लाव म्हणतोय." "टीव्हीवरचा तो माणूस गाढव आहे म्हणतोय." त्यात स्वतःची भरही घालायची. एकदा देवळाचे पंच त्यांना बघायला आले आणि वर्गणीचा विषय काढला. भाऊजी लालबुंद होऊन काहीतरी बरंच बोलले. पंचांनी विचारलं, "काय म्हणताहेत?" पो-चू म्हणाली, "चहा घेतल्याशिवाय जाऊ नका म्हणतोय." पंच खूश होऊन चहा पिऊन गेले. भाऊजींनी काय म्हटलं होतं ते तिने मला नंतर सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही.

एवढं सगळं झाल्यावर तिने टपरी बंद केली असेल असं कुणालाही वाटेल. नाही केली. ट्रक गेला, आता टपरीवरच घर. मी एकदा चिडून म्हटलं, "जाऊबाई, नवऱ्याचं तोंड सडवलं त्या सुपारीने, आणि तुम्ही तीच विकता? हात कसा धजतो तुमचा?"

"मग काय विकू? तुझ्या बागेतले जाम? ते तुझा नवरा कावळ्यांना घालतो!" आणि मग खाली बघून, माझं नाव घेत, "ग्वे, मला दुसरं काय येतं?"

भाऊजी तिथेच खुर्ची टाकून बसायचे. गाल खचलेला, पाण्याची बाटली हातात. गिऱ्हाईक आलं की मुद्दाम तोंडाची ती फट दाखवायचे आणि बोटाने गळ्यावर सुरी फिरवल्यासारखं करायचे. ट्रकवाले हळहळायचे. "अरेरे काका, काय हाल झाले हो तुमचे! मावशी, दोन पुड्या द्या. चुना जरा जास्त." मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि बघून डोक्याला हात लावलाय.

पो-चू मात्र या ट्रकवाल्यांच्या तोंडांवर पाळत ठेवून असायची. देवळापुढे तोंड तपासणीची गाडी आली की ती टपरी उघडी टाकून गिऱ्हाइकांना हाकत न्यायची. "चल, आ कर त्या बाईपुढे. नाही केलंस तर उद्यापासून माल नाही." एकदा मीही होते तिथे. नर्सने हिला विचारलं, "मावशी, तुम्ही सुपारी खाता?"

"मी विकते."

सगळे हसले. नर्सही हसली आणि म्हणाली, "मग पुढचा कोण?" ती गाडी खाणाऱ्यांसाठी होती.

आणि एक गोष्ट. भाऊजींना तांदळाची पेज लागायची, मासा आणि रताळ्याचा पाला घालून मिक्सरमधून काढलेली. पो-चूही तेच खायला लागली. आधी कधीमधी, मग रोजच. आमच्याकडे लग्नात रस्त्यावर मांडव घालून दहा-बारा पदार्थांचं जेवण असतं, तिथेही ही नुसतं सूप घ्यायची. मिरचीला हात लावायची नाही. एके काळी लसणाबरोबर कच्ची मिरची चावून खाणारी बाई! लोक म्हणायचे, बघा, नवऱ्याला चावता येत नाही म्हणून हिनेही चावणं सोडलं. बायका आपापल्या सुनांना तिचा दाखला द्यायच्या. माझ्या नवऱ्याने तर मला ऐकवलं, "शीक काहीतरी वहिनीकडून." मी त्याला म्हटलं, "तू आधी आजारी पड, मग बघू." पण मनातून मलाही वाटायचं, असं प्रेम आपल्याला नाही जमणार.

पाच वर्षं झाली. शेवटच्या तपासणीला आम्ही चौघं गेलो, ती दोघं, पेई-शान आणि मी. पो-चूने नवा निळा ब्लाउज घातला होता. डॉक्टरीणबाईंसाठी आमच्या बागेतल्या जामांची पेटी घेतली होती, ती मलाच उचलायला लावली. डॉक्टर फांगनी कपाळाला दिवा बांधून भाऊजींचं तोंड पाहिलं, मान चाचपली, फोटो पडद्यावर लावून पुन्हा पुन्हा बघितले. मग वळून म्हणाल्या, "काका, स्वच्छ आहे. काहीही नाही. पाच वर्षं झाली. अभिनंदन."

पेई-शान रडायला लागली. भाऊजी पाण्याची बाटली दोन्ही हातांत धरून नुसते बघत राहिले. आणि पो-चू हसली. मोठ्याने, डोकं मागे टाकून. "म्हातारं माकड डावीकडच्या पन्नासांतलं निघालं!" असं म्हणून मांडीवर थापा मारत हसली.

डॉक्टरीणबाईही हसत होत्या. कपाळावरचा दिवा अजून चालूच होता, तो हिच्या तोंडावर पडला होता. त्यांचं हसू एकदम थांबलं.

"काकू," त्या म्हणाल्या, "जरा मोठा आ करा बघू."

"मी? मला काय झालंय? पेशंट हा आहे."

"करा तर."

तिने केला. तो आ नव्हताच. मला वाटलं चेष्टा करतेय. मी म्हटलंही, "अहो जाऊबाई, नीट उघडा की, लाजताय काय?"

"एवढंच उघडतं," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाताची तीन बोटं जोडा, अशी उभी, आणि तोंडात घाला." त्यांनी स्वतः करून दाखवलं. मीही केलं, पेई-शाननेही केलं, नकळतच. आमची सहज गेली. पो-चूची दोन बोटंही जाईनात. एक गेलं आणि दुसरं दाताला अडलं. ती तशीच, तोंडात बोट धरून, आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. भाऊजी खुर्चीवरून उठले होते. ही परीक्षा त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक होती? पाच वर्षं दर खेपेला त्यांना ती द्यावी लागली होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला पेशंटच्या खुर्चीत बसवलं. गालात चपटी पट्टी सरकवली, दिवा जवळ आणून दोन्ही बाजू बघितल्या.

"तिखट झोंबतं?"

"हो. उष्णता वाढलीय अंगात. काढा पिते मी."

"कधीपासून?"

"असेल... दोन वर्षं. तीन."

"सुपारी खाता?"

"नाही," पो-चू म्हणाली. सवयीने, ठसक्यात.

"कधीच नाही?"

"खात नाही. चाखते."

"म्हणजे काय करता?"

ती सांगायला लागली. चुना कालवला की एक. जहाल झाला तर आणखी एक. दुपारच्या घाण्याला परत. दोन टपऱ्यांचा चुना, त्याची वेगळी. गिऱ्हाईक कुरकुरलं तर एक. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. "पण मी थुंकते," ती म्हणाली. "गिळत नाही. चूळ भरते लगेच."

"किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून."

पेई-शानचा जन्मही त्यानंतरचा. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मी त्या खोलीच्या भिंतीला टेकून उभी होते. तीस-पस्तीस वर्षं मी या बाईला समोर बसून सुपारी चावताना बघत आले होते. मी तिच्यासाठी पिंकेचा डबा धुतलाय! आणि कुणी विचारलं असतं, तुमची जाऊ सुपारी खाते का, तर मीही तितक्याच ठसक्यात सांगितलं असतं, छे, ती नाही खात. आणि ती पेज! आम्ही आपले प्रेम प्रेम करत होतो. तिला घास चावता येत नव्हता.

बाहेर बाकावर मी तिला धरलंच. "तुम्हाला कळत होतं की नाही? खरं सांगा."

तिने ब्लाउजची बटणं चाचपली. "गालात काहीतरी खरखरीत लागायचं. म्हटलं, याची पाच वर्षं आधी पार पडू देत. एका घरात दोन दोन आजारी बरे नव्हेत, अपशकुन होतो. याचं झालं की मग बघू."

"आणि तुम्ही बाकीच्यांच्या तोंडात टॉर्च मारत हिंडत होता!"

"ते खातात," ती म्हणाली. अजूनही तेच. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं, आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्ही केलं नाही. जामांची पेटी तशीच माझ्या मांडीवर राहिली होती, ती मी दारातल्या नर्सच्या हातात कोंबली.

गालातला तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याच आठवड्यात देवळात नवसाचा खेळ ठरलेला होता. मी म्हटलं, रद्द करा. पो-चू म्हणाली, "देवाने त्याचं काम केलं. माझं मी नको करू?" खेळ झाला. बाहुल्यांची लढाई, ढोल, फटाके. गाव येऊन भाऊजींच्या पाठीवर थापा मारत होतं, "पाच वर्षं! जिंकलात!" आणि त्यांच्या शेजारी पो-चू गालाला रुमाल लावून बसली होती. कुणी विचारलं तर सांगत होती, दाढ दुखतेय. भाऊजींनी एकदाही बाहुल्यांकडे पाहिलं नाही. ते सारखे तिच्या रुमालाकडे बघत होते.

उत्तर यायचं तेच आलं. आम्ही चौघं पुन्हा त्याच खोलीत. डॉक्टर फांगनी काही लपवलं नाही, कारण या बाईपुढे लपवून चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं. आजार गालातून जबड्याच्या हाडापर्यंत गेला होता, मानेतल्या गाठींतही होता. काकांपेक्षा पुष्कळ पुढे. आधी ऑपरेशन, जबड्याचं हाड काढावं लागेल, पायाचं हाड लावू. मग शेक, आणि बरोबर औषधंही.

"आणि शंभरांतले किती?" पो-चूने विचारलं.

"पस्तीसच्या आसपास. काही केलं नाही तर मात्र वर्षही कठीण."

पो-चूने मान हलवली. एखाद्या गिऱ्हाइकाचा भाव ऐकून घ्यावा तशी. "मग राहू द्या."

"काकू?"

"आमच्या घराचा वाटा घेऊन झाला. हा वाचला ना? एका घरातले दोघं कसे येतील त्यात? आता दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"हे काही वाटपाचं धान्य नाही, काकू. त्यांचा आणि तुमचा काही संबंध नाही. तुमचा हिशोब वेगळा सुरू होतो."

"बाई, तुम्ही इथे यंत्राचं बटण दाबता. त्यानंतर घरी काय होतं ते मी केलंय. याच्या तोंडातली सालं मी या बोटांनी काढलीत. हा मला चावत होता. हा रोज म्हणायचा, मरू दे मला. मी ऐकलंय ते. मला नको ते. मी माझी पेज पिईन आणि जाईन."

पेई-शान "आई, आई" करत तिच्या गुडघ्याशी बसली. तिने जे पाहिलं होतं तेच मीही पाहिलं होतं. तिच्या जागी मी असते तर काय म्हटलं असतं, कोण जाणे. मला तिचा भयंकर राग आला होता.

तेव्हा भाऊजी बोलायला लागले.

आधी हळू, मग जोरात. टेबलावर मूठ आपटत, मानेच्या शिरा ताणून, त्या एका बोटाच्या फटीतून. थुंकी नसलेलं तोंड, मधेच जीभ टाळ्याला चिकटायची, तेवढ्यापुरतं पाणी घ्यायचे आणि परत सुरू. कितीतरी वेळ बोलले. पाच वर्षांत एवढं सलग बोललेले मी पाहिले नव्हते. मला त्यातलं "चू" तेवढं कळलं, तिचं नाव. बाकी नुसता आवाज. ते थांबले तेव्हा धापा टाकत होते.

डॉक्टरीणबाईंनी सवयीने पो-चूकडे पाहिलं. भाऊजींशी बोलायचं म्हणजे पाच वर्षं हीच रीत होती. "काय म्हणताहेत काका?"

पो-चू म्हणाली, "पाणी हवंय म्हणतोय."

भाऊजींनी भरलेली बाटली टेबलावर आपटली. पाणी सगळीकडे उडालं. त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं आणि पुन्हा बोलले, या वेळी सावकाश, एकेक आवाज सुटा सुटा करून.

"आई," पेई-शान म्हणाली, "बाबा काय म्हणाले ते नीट सांग. आम्हाला कळत नाही गं त्यांचं."

पो-चू खाली बघत होती. निळ्या ब्लाउजवर पाण्याचे डाग पडले होते, ते ती हाताने पुसत राहिली.

"हा म्हणतोय," ती म्हणाली, आणि थांबली. मग डॉक्टरीणबाईंकडे न बघता, दुसऱ्या कुणाचा तरी निरोप सांगावा तशा आवाजात म्हणाली, "हा म्हणतोय, मरू दे मला म्हणत होतो, ते हिला ऐकवायला म्हणत होतो. मरायचं नव्हतं. म्हणतोय, ही गेली की मी काय बोलतोय ते कुणालाच कळणार नाही. पोरीलाही नाही. जिवंत राहून मुका होईन म्हणतोय."

पेई-शानने बापाचा हात धरला होता. पो-चूने नाक ओढलं, आणि मग जरा खाकरून, तिच्या नेहमीच्या टपरीवरच्या आवाजात म्हणाली,

"आणि विचारतोय, हे ऑपरेशन कधी करायचं."

भाऊजी तेव्हा काहीच विचारत नव्हते. ते टेबलावर डोकं टेकून रडत होते, आणि त्यांच्या तोंडातून एक आवाजही निघत नव्हता.